दोनशे माणसांची मैफल करणं हा गुन्हा आहे का?

"ध्रुपदाला कोण येतंय हो? त्यापेक्षा भावगीतं ठेवा, हॉल फुल्ल होईल." हे वाक्य यापुढे कुणी माझ्यासमोर म्हटलं तर मी त्याच्याशी बोलणं बंद करणार आहे. नगरपालिकेत ऐकलं, बँकेत ऐकलं, साखर कारखान्याच्या ऑफिसात ऐकलं, परवा तर एका संगीत शिक्षकानेच ऐकवलं.

आम्ही दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात दर डिसेंबरात ध्रुपद (शास्त्रीय गाण्याची जुनी, धीरगंभीर शैली) आणि रुद्रवीणा या तंतुवाद्याचा दोन दिवसांचा महोत्सव करतो. माणसं येतात. सांगलीहून, इचलकरंजीहून, बेळगावहून येतात, पुण्याहून रात्रीच्या एसटीने येतात, धारवाडहून चौघं मिळून गाडी करून येतात. कुणाच्या तरी घरी सतरंजीवर झोपतात आणि सकाळच्या सत्राला साडेसहाला हजर असतात. दोन-अडीचशे असतात, पण तासाभराचा आलाप, म्हणजे शब्द-तालाविना रागाचा संथ विस्तार, चालू असताना एकाचाही फोन खिशाबाहेर येत नाही. त्यामुळे श्रोता नाही हे साफ खोटं आहे. श्रोता या अवाढव्य देशात विखुरलेला आहे, कलाकारही विखुरलेला आहे, आणि या दोघांना एका छताखाली आणायचं म्हटलं की प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न येतो: गर्दी किती? वीस हजारांच्या कार्यक्रमाला जो अर्ज, तोच दोनशेच्या कार्यक्रमाला. तेच शिक्के आणि तेवढेच हेलपाटे. फरक एवढाच, की वीस हजारांच्या कार्यक्रमामागे इव्हेंट कंपनी असते आणि आमच्यामागे दोन निवृत्त शिक्षक, एक मेडिकलवाला आणि मी.

आणि "हे उत्तरेतलं गाणं आहे, आपलं नाही" असं सांगणाऱ्यांनी जरा माहिती घ्यावी. थोर रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागरांनी वीणेचं गुरुकुल उभं केलं ते पनवेलजवळच्या पळस्प्याला. तानपुरे देशभर जातात ते मिरजेहून, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा फेसबुकवर अभिमानाच्या पोस्टी टाकणारे हेच लोक होते. तानपुरा आपला, मग त्या तानपुऱ्यावर जे गायचं ते परकं कसं झालं?

आता प्रवासाचं बघा. ध्रुपदाची माणसं आहेत कुठे? भोपाळ, ग्वाल्हेर, जयपूर, बनारस, दरभंगा, कोलकाता. गायक एका टोकाला, तालाची साथ करणारा पखवाजवाला दुसऱ्या टोकाला. दोघांना आमच्या गावात आणायचं म्हणजे दोन वेगवेगळे प्रवास आणि गाड्या बदलणं आलंच. रेल्वेचं आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी मिळायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आणलं. बरं, 60 दिवस आधी तरी मी तिकीट काढू शकते का? नाही. कारण नाट्यगृहाची तारीख तोवर पक्की नसते. तारीख मिळाली तरी "शासकीय कार्यक्रम आल्यास आरक्षण रद्द होईल" ही अट पावतीवर छापलेली असते, आणि ती नुसती छापलेली नसते, वापरतातही. एकदा आमची शनिवारची संध्याकाळ एका मेळाव्यासाठी काढून घेतली. कलाकार तोवर गाडीत बसलेले होते! डिपॉझिट परत मिळायला पुढचा पावसाळा उजाडला.

त्यात डिसेंबर म्हणजे उत्तरेत धुकं. गाडी आठ तास लेट, दहा तास लेट. मग तो बिचारा कलाकार पुण्याला उतरतो, तिथून टॅक्सी करून पाच तासांनी आमच्याकडे पोचतो, तोंड धुतो आणि थेट स्टेजवर बसतो. लोक म्हणतात, "आज आवाज जरा बसलेला वाटला." बसणारच!

खरं तर उपाय सरळ आहे. कलाकार एवढ्या लांबून येतोच आहे, तर गोवा, बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, पुणे असे चार-पाच कार्यक्रम लागोपाठ लावावेत. प्रवासखर्च वाटला जाईल, कलाकाराला चार पैसे जास्त मिळतील. आम्ही आयोजक एकमेकांना ओळखतो, सगळ्यांची मनापासून इच्छाही आहे. पण जमत नाही, कारण पाचही ठिकाणचा हॉल आणि परवानगी वेगवेगळ्या दिवशी पक्की होते, आणि तीही ऐनवेळी. एक कडी तुटली की सगळी साखळी तुटते. मग एका मैफलीसाठी माणूस दोन हजार किलोमीटर येतो आणि दुसऱ्या दिवशी दोन हजार किलोमीटर परत जातो. तिकिटांवर जेवढे पैसे जातात, त्यातून अजून एका तरुण कलाकाराला बोलावता आलं असतं. हे पैसे जाताना बघून जीव जळतो.

आणि वाद्यं! रुद्रवीणा म्हणजे एक लांब दांडी आणि तिला दोन मोठे तुंबे. तुंबा म्हणजे वाळवलेला भोपळा. ही वस्तू विमानात सुटकेसच्या ढिगात टाकायची नसते हे समजायला संगीत यावं लागत नाही. शेजारची सीट विकत घेतो म्हटलं तरी मापात बसत नाही म्हणून काउंटरवर अडवलं. मग 'फ्रॅजाइल'चं लाल स्टिकर लावून खाली दिली. विमानतळावर केस आली ती वरून एकदम ठीक. आमच्याकडे पोचल्यावर उघडली, तर एका तुंब्याला बोटभर लांब तडा, आणि आत नखाएवढा तुकडा सुटून खुळखुळत होता. ते वादक काही बोलले नाहीत. त्यांनी तो तुकडा रुमालात बांधला, खिशात ठेवला आणि केस बंद केली. त्या रात्री वीणा वाजली नाही. दुसरी रुद्रवीणा काही शेजारच्या गावातून मागून आणता येत नाही, अख्ख्या देशात वाजवणारेच मोजके आहेत. पखवाजवाल्यांनी एकट्याने सत्र ओढून नेलं. कंपनीकडे तक्रार केली तर भरपाईचा हिशोब बॅगेच्या वजनावर! वडिलांकडून मुलाकडे आलेलं वाद्य आणि त्याची किंमत किलोवर?

परवानगीचं तर मला स्वप्न पडतं हल्ली. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम मी तोंडपाठ म्हणून दाखवू शकते. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. मान्य. पण त्याच नियमात सभागृहासारख्या बंदिस्त जागा वगळल्या आहेत, तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. आमचं नाट्यगृह चार भिंतींचं, दारं बंद, आत एक गायक, एक पखवाज, दोन तानपुरे. बाहेरच्या पानटपरीवर आवाज जात नाही. तरी पावणेदहाला शिपाई विंगेत येऊन घड्याळ दाखवतो. नियमाची प्रत दाखवली तर म्हणतो, "मॅडम, साहेबांशी बोला." आणि साहेब फोन उचलत नाहीत. उघड्यावर करावं म्हटलं तर बारापर्यंतची सूट वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात, आणि ते गणपती, नवरात्र, शिवजयंती, थर्टी फर्स्ट यांतच संपतात. त्या सणांना माझा विरोध नाही. पण ज्या रस्त्यावर मिरवणुकीत भिंतीएवढी सिस्टीम लावून घरांच्या काचा हादरवतात आणि कुणी ब्र काढत नाही, त्याच रस्त्यावरच्या हॉलमध्ये वीणेला दहाला गप्प करतात, हे मी का सहन करायचं? ज्या वीणेचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जायलासुद्धा माइक लागतो, तिला?

यात नुकसान काय होतं ते सांगते. मालकंस, दरबारी रात्री उशिराचे. सोहनी रात्रीच्या शेवटच्या प्रहरातला. ललित पहाटेचा. रात्रभराची मैफलच उरली नाही तर हे राग त्यांच्या वेळेला ऐकणार कुठे? पूर्वी पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पहाटेपर्यंत चालायचा, माझ्या आईने पहाटेचे राग तिथे पहाटेच ऐकलेत. आता एखाद्या दिवशीची बारापर्यंतची सूट सोडली तर तिथेही दहाला आवरतं घ्यावं लागतं. बनारसचा ध्रुपद मेळा मात्र 1975 पासून तुळशी घाटावर महाशिवरात्रीच्या सुमाराला रात्र-रात्र होत आलाय. देश तोच, नियमही तेच. म्हणजे मनावर घेतलं तर होतं, फक्त आमच्यासाठी कुणी मनावर घेत नाही.

स्वामित्वहक्कवाल्यांचंही ऐका. एका संस्थेकडून फोन: कार्यक्रमात कोणती गाणी होणार त्याची यादी द्या, लायसन्स फी भरा. मी म्हटलं, कलाकार कोणता राग गाणार हे तो तानपुरा लागल्यावर ठरवतो. आलापात शब्द नसतात, नोम-तोम अशी नुसती अक्षरं असतात. पदं आहेत ती तानसेनाची, स्वामी हरिदासांची. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, आणि तानसेन जाऊन चारशेहून जास्त वर्षं झाली. पलीकडून उत्तर: "ते ठीक आहे, पण यादी मेल करा." त्यापायी तीन संध्याकाळी गेल्या, ज्या मला पोस्टर चिकटवण्यात घालवायच्या होत्या.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर बोलताना रक्तदाब वाढतो. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या खर्चात, पारंपरिक कलांचं जतन बसतं, कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ते लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात पहिला प्रश्न असतो, "फुटफॉल किती?", म्हणजे माणसं किती येणार. दुसरा, "सेलिब्रिटी कोण?" एका उद्योजकांनी मोठी रक्कम देऊ केली, अट एकच: शेवटी फ्यूजन बँड हवा आणि कलाकाराच्या डोक्यावर कंपनीचा बॅनर हवा. नको म्हटलं. सरकारी अनुदान मंजूर झालं तर पैसे कार्यक्रमानंतर येतात, तेही ऑडिट, बिलं, फोटो सगळं दिल्यावर. आधीचे पैसे कुणी घालायचे? आमच्या मेडिकलवाल्याने घातलेत, एफडी मोडून. तिकीट पाचशेच्या वर नेलं की जीएसटी लागतो, आणि एवढं तिकीट आमच्या भागात विद्यार्थ्याला परवडत नाही, म्हणून तीनशेवर ठेवतो.

साउंडवाल्यावर मी चिडते, पण त्याचाही पूर्ण दोष नाही. त्याची सगळी सवय ऑर्केस्ट्राची. "ताई, थोडा इको मारतो, भारी वाटेल." अरे बाबा, वीणेची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, ऐकायची आहे, ती एकेका श्रुतीने, सुराच्या बारीक पायरीने, वर चढते, तिच्यावर इको मारलास की सगळा चिखल होतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावलेली असते, तिच्यामुळे जो खोल घुमारा येतो तो त्याच्या बास नॉबने येत नाही. तासभर त्याच्याशेजारी बसून एकेक बटण खाली आणायला लावलं, तेव्हा कुठे तानपुरा तानपुऱ्यासारखा वाटला. आणि मी पाच मिनिटं आत गेले तर याने परत इको चढवलेला!

पण सगळ्यात जास्त संताप येतो तो आपल्याच माणसांचा. सहाची वेळ, पाहुणे येणार सातला. तोवर दीपप्रज्वलन नाही, म्हणजे सुरुवात नाही. मग प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फोटो, पुन्हा एकदा फोटो, आणि ज्यांनी आयुष्यात ध्रुपद ऐकलेलं नाही त्यांचं ध्रुपदावर पंचवीस मिनिटांचं भाषण. तेवढा वेळ कलाकार विंगेत लावलेलं वाद्य घेऊन बसलेला, थंडीत तारा उतरतायत. त्याला तासभर आलाप करायचा असतो आणि दहाला पडदा पाडायचा असतो. कापायचं काय? भाषण कापलं तर पुढच्या वर्षी हॉल मिळत नाही. म्हणून दरवेळी आलाप कापला जातो. यंदा मी ठरवलंय, सत्कार दुपारी चहाच्या वेळी होतील, संध्याकाळी स्टेजवर फक्त कलाकार. ज्यांना राग येईल त्यांना येऊ दे.

आणि हो, पास. गाडीला दहा-बारा लाख घालणारा माणूस फोन करतो, "चार पास ठेवा हं, पुढच्या रांगेतले." नाटकाला तिकीट काढतात, सिनेमाला काढतात, पॉपकॉर्नला तीनशे रुपये मोजतात, पण आमच्या मैफलीचे तीनशे द्यायचे म्हटले की ओळख निघते. पास घेतात आणि येतही नाहीत. पुढची सोफ्याची रांग रिकामी आणि मागे धारवाडहून आलेली, तिकीट काढलेली पोरं खांबाच्या आड मान वाकडी करून बसलेली. यंदा सोफे काढून टाकलेत, पुढे गाद्या घातल्यात, आणि जो आधी येईल तो पुढे बसेल. तिकीट तीनशे रुपये, विद्यार्थ्यांना शंभर. पाससाठी मला फोन करू नका.