स्मार्ट टेलिस्कोपचे फोटो ‘आधीच भरलेले’ असतात का? एका फॉरवर्डला उत्तर

सांगली-साताऱ्याकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. स्मार्ट टेलिस्कोप, म्हणजे मोबाइलच्या ॲपवरून चालणारी आणि आपोआप फोटो टिपणारी दुर्बीण, ही शुद्ध फसवणूक आहे, असा त्याचा सूर. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: फोटो ॲपमध्ये आधीच भरून ठेवलेले असतात किंवा एआय ते तयार करतं, शहरातल्या दिव्यांमधून तेजोमेघ (वायूचे चमकते ढग) आणि दीर्घिका (गॅलेक्सी) टिपणं शक्यच नाही, नुसतं बटण दाबणाऱ्याला आकाश कळत नाही, तेवढ्याच पैशात मोठी दुर्बीण येते, आणि आपल्याकडच्या पावसात ती कपाटातच पडून राहते. शेवटी, मुलांना या नादाला लावू नका, असं कळकळीचं आवाहन आहे. या आवाहनामुळेच लिहायला बसलो. ते वाचून मुलीला दुर्बीण घ्यायचा बेत रद्द केलेले आईवडील माझ्या ओळखीचे आहेत, आणि ज्या कारणासाठी त्यांनी तो रद्द केला ते कारण खरं नाही.

उदाहरण म्हणून २०२३ मध्ये आलेली सीस्टार एस५० घेऊ, कारण इकडे सगळ्यात जास्त विचारणा तिचीच होते. ५० मिलिमीटरचं भिंग, २५० मिलिमीटर नाभीय अंतर, अडीच किलोच्या आसपास वजन. डोळा लावायला आयपीस नाही. त्याच्या जागी सोनीचा सेन्सर आहे आणि चित्र मोबाइलवर येतं.

पहिला मुद्दा सगळ्यात गंभीर, म्हणून त्यालाच जास्त जागा देतो. फोटो आधीच भरलेले असतात का? ॲपमध्ये दोन गोष्टी खरंच भरलेल्या असतात. एक म्हणजे ताऱ्यांच्या स्थानांची यादी. दुर्बीण आकाशाचा एक छोटा फोटो घेते, त्यातल्या ताऱ्यांची मांडणी या यादीशी ताडते आणि आपण नेमके कुठे बघतोय हे ठरवते. दुसरी गोष्ट म्हणजे आज काय टिपता येईल हे दाखवणारी नमुन्याची छोटी चित्रं. ती देखणी असतात, मेनूमध्ये दिसतात, आणि माझ्या मते गैरसमजाचं मूळ तिथेच आहे. तुम्ही टिपायला सुरुवात केलीत की पडद्यावर येतं ते वेगळंच: आधी काळपट, कणीदार, जेमतेम डाग दिसणारं चित्र. दर १० सेकंदांनी नवी फ्रेम येते, ताऱ्यांवर तारे बसवून ती आधीच्या फ्रेमवर रचली जाते आणि डाग हळूहळू आकार धरतो. पागोळीखाली ठेवलेली घागर थेंबाथेंबाने भरावी, तसा हा उजेड साठतो. यामागचं गणित साधं आहे. १०० फ्रेम रचल्या की खरा संकेत १०० पट होतो, पण नॉइज, म्हणजे चित्रातला कणीदारपणा, १० पटच वाढतो. म्हणजे चित्र एका फ्रेमपेक्षा १० पट स्वच्छ.

पुरावा हवा असेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये सुट्या फ्रेम साठवायला सांगा. त्या फिट्स (खगोलचित्रांसाठीचा फाइल-प्रकार) फाइल म्हणून राहतात आणि संगणकावर एकेक उघडता येतात. कुठे उपग्रहाची रेघ असते, कुठे वाऱ्याने तारे लांबट झालेले असतात, कुठे ढगाने अर्धं चित्र खाल्लेलं असतं. भरून ठेवलेल्या फोटोत तुमच्या गच्चीवरचा वारा कुठून येईल?

याहून पक्का पुरावा आकाशानेच दिलाय. १९ मे २०२३ रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम १०१ या दीर्घिकेत एक नवा तारा दिसला. तो अतिनवतारा, म्हणजे स्फोट पावलेला तारा होता. त्यानंतर जगभरच्या छोट्या दुर्बिणींनी टिपलेल्या फोटोंत तो ठळक दिसतो. आधीच्या फोटोंत त्या जागी तो ठिपका नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू आला, तो रोज जागा बदलत होता. ज्या घटना अजून घडायच्या होत्या, त्यांचे फोटो आधी कोण भरून ठेवणार?

एआयचं म्हणाल, तर काही ॲपमध्ये नॉइज कमी करणारं एआयचं बटण असतं हे खरं. ते तुम्ही दाबलंत तर चालतं, आणि मूळ फिट्स फाइल तशीच राहते. शंका येत असेल तर ते दाबू नका.

रंगांबद्दलही संशय असतो. मृगातला तेजोमेघ डोळ्याला राखाडी दिसतो, मग फोटोत गुलाबी कसा? मंद उजेडात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, म्हणून. हायड्रोजनचा तांबडा उजेड तिथे आहेच. याच तेजोमेघाचा पहिला फोटो हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी काढला, तोही तब्बल ५१ मिनिटं फोटोची प्रकाशसंवेदी काच उघडी ठेवून. डोळ्याला न दिसणारं साठवून पाहण्याची रीत तेव्हापासूनची आहे, आणि तिला आजवर कोणी फसवणूक म्हटलेलं नाही.

शहरातल्या दिव्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे. सांगलीच्या विश्रामबागेतल्या गच्चीवरून आकाश काळं दिसत नाही, करडं दिसतं. पण मृगातला तेजोमेघ, धनु राशीतला एम ८ असे वायूचे ढग मुख्यतः दोन-तीन ठरावीक रंगांत चमकतात. दुर्बिणीत बसवलेला फिल्टर हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे तेवढेच पट्टे आत सोडतो आणि बाकीचा बराच उजेड अडवतो. त्यामुळे असे तेजोमेघ सांगली, मिरज किंवा सातारा शहरातूनही छान येतात. दीर्घिकांचं तसं नाही. त्यांचा उजेड ताऱ्यांचाच, म्हणजे सगळ्या रंगांत पसरलेला. तिथे हा फिल्टर उपयोगाचा नाही, आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडीने अडचण वाढवली आहे. देवयानी दीर्घिकेचा गाभा गच्चीवरून सहज येतो, पण तिचे पट्टे नीट हवे असतील तर जतच्या बाजूला किंवा साताऱ्यातून चाळकेवाडीच्या पठाराकडे जायला हवं. दिव्यांइतकाच त्रास इथे धुराचा होतो, हे मात्र मेसेजमध्ये नाही. ऊसतोड सुरू झाली की पाचट पेटतं, संध्याकाळी धुराचा थर खाली बसतो आणि नेमक्या हिवाळ्यातल्या चांगल्या रात्री क्षितिजाकडून गढूळ होतात. त्या दिवसांत लक्ष्य वर चढेपर्यंत थांबलेलं बरं.

पावसाबद्दल फार लिहायची गरज नाही. जून ते सप्टेंबर जातात, हे कबूल. ऑक्टोबर ते मे हातात राहतात. शिवाय माण, खटाव, आटपाडी, जत हा तर पर्जन्यछायेचा पट्टा. दुष्काळ सोसणाऱ्या या तालुक्यांच्या वाट्याला निरभ्र रात्री मात्र भरपूर येतात, आणि तिथल्या शाळांपर्यंत असं एखादं यंत्र पोचावं असं मला मनापासून वाटतं.

पैशाचा मुद्दा: एस५० परदेशात ४९९ डॉलरला आली, आयात कर वगैरे धरून इथे त्याहून बरीच महाग पडते. ती रक्कम लहान नाही. पण तुलना चुकीची आहे. तेवढ्या पैशात मोठा आरसा येईल. त्याने दूरच्या दीर्घिकांचे फोटो काढायचे तर पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखणारं माउंट (दुर्बीण फिरवणारा आधार), कॅमेरा आणि लॅपटॉप लागतो, आणि चांगलं माउंट एकटंच या दुर्बिणीपेक्षा महाग असतं. परवडत नसेल तर कर्ज काढू नका. चार घरांनी किंवा एखाद्या वाचनालयाने मिळून एक घेतली तरी पुरते.

आता तो मुद्दा, ज्याने मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं: बटण दाबणाऱ्याला आकाश कळत नाही. उलट आपल्या गावाचं आकाश कळल्याशिवाय या यंत्राकडून चांगलं काम होतच नाही. सांगलीचा अक्षांश साधारण १६.८५ अंश उत्तर. रोहिणीचा तारा खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेषा) साडेसोळा अंश उत्तरेला. म्हणजे ती सांगलीत जवळजवळ बरोबर डोक्यावरून जाते, आणि तिच्याबरोबर वृषभ राशीतला बराच ऐवज: कृत्तिका, खेकडा तेजोमेघ. ही दुर्बीण वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरते. अगदी डोक्यावरच्या वस्तूचा पाठलाग करताना तिला आडवं फार वेगाने वळावं लागतं, आणि चित्राची चौकट ताऱ्यांभोवती भराभर फिरते. परिणामी फ्रेम वाया जातात, कोपरे कापले जातात. याउलट वस्तू नेमकी पूर्वेला किंवा पश्चिमेला असते तेव्हा चौकट जवळजवळ फिरतच नाही. म्हणून खेकडा तेजोमेघ डिसेंबरात रात्री नऊ-दहाला, पूर्वेला मध्यावर चढलेला असताना टिपायचा. मध्यरात्री डोक्यावर येईपर्यंत थांबायचं नाही. युरोप-अमेरिकेतले व्हिडिओ वस्तू जितकी उंच तितकी चांगली असं सांगतात. त्यांच्या आकाशात रोहिणी डोक्यावर येत नाही, त्यामुळे वृषभातल्या या वस्तूंपुरती ही अडचण त्यांना एवढी जाणवत नाही.

चौकट फिरणं टाळायला दुर्बीण ध्रुवताऱ्याच्या दिशेने कलती लावायची सोयही आता आहे. पण आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंशांवर. त्यामुळे यंत्र जवळजवळ आडवं होतं आणि हलकी तिवई कलंडू शकते. तसं करायचं असेल तर तिवईचा एक पाय उत्तरेकडे, यंत्र झुकलेल्या बाजूच्या खालीच ठेवा आणि तिवईला वजन बांधा.

याच अक्षांशाची देणगीही आहे. नरतुरंगातला ओमेगा हा प्रचंड तारकागुच्छ मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास सांगली-साताऱ्यात दक्षिणेला २५ अंशांवर असतो. लंडनमधून तो कधीच उगवत नाही. हे सगळं एखाद्या मुलीने स्वतः शोधून काढलं, तर तिला आकाश कळलं नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? पुढे सिरिलसारखं मोफत सॉफ्टवेअर घेऊन फिट्स फाइल स्वतः रचता येतात, ताऱ्यांची तेजस्विता मोजता येते. १९११ पासून रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी जमवणारी अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था हौशी निरीक्षकांची मोजमापं स्वीकारते. छोट्या दुर्बिणींचीही.

एक सावधगिरी मेसेजने द्यायला हवी होती, ती ग्रहांची. या दुर्बिणीच्या सेन्सरवर गुरू ऐन तेजात असतानाही साधारण २० पिक्सेलचा येतो आणि शनीची कडी त्याहून थोडी लहान. गुरूचे चार चंद्र ठिपके म्हणून छान दिसतात, पट्टे जवळजवळ नाहीतच. ज्या घरात मुलांना शनीची कडी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे, त्यांनी स्मार्ट टेलिस्कोप घेऊ नये. साधी १५० मिलिमीटरची डॉब्सोनियन, म्हणजे हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण घ्यावी. एवढंच लिहिलं असतं, तर तो मेसेज मीच सगळ्यांना पाठवला असता.