प्रमोटर विकतोय? मग तुम्ही भरून घ्या!

एका कंपनीच्या प्रमोटरने, म्हणजे तिच्या मालक-संस्थापकाने, मध्यंतरी राजरोस बाजारात शेअर विकले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच निरूपण आलं, "साहेबांच्या मुलीचं लग्न आहे हो, डिप आहे, भाव पडलाय, भरून घ्या!" पुढच्या तिमाहीत नफा निम्म्यावर आला. माझ्याकडेही त्या कंपनीचे चार शेअर आहेत, म्हणून हे मार्गदर्शन अगदी मनापासून.

पहिलं म्हणजे, शेअर बाजाराच्या (एक्स्चेंजच्या) साइटवर इन्सायडर ट्रेडिंगचा, म्हणजे कंपनीतल्या आतल्या लोकांच्या खरेदी-विक्रीचा तक्ता असतो, तो चुकूनही उघडू नका. फुकट मिळतो, म्हणजे त्यात काय राम असणार!

विक्री दिसली की साहेबांच्या वतीने कारण आपणच द्यावं. लग्न, बंगला, मुलाचं परदेशातलं शिक्षण, काहीही चालेल. कधीकधी ते खरंही असतं. ईसॉपवरचा, म्हणजे कंपनीने नोकरांना दिलेल्या शेअरवरचा टॅक्स भरायला एखादा मॅनेजर थोडे शेअर विकतो, त्यात काही काळंबेरं नाही. पण एमडी, वित्तप्रमुख (सीएफओ) आणि साहेबांची वहिनी असे तिघेही निकालानंतर खरेदी-विक्रीची विंडो उघडताच विकायला धावले, तरी आपण तीन लग्नं धरावीत.

खरेदी दिसली तर मात्र एक क्षणही थांबू नका. 'प्रमोटर बाइंग' म्हटलं की संपलं! व्यवहाराचा प्रकार लिहिलेला रकाना कशाला वाचायचा? तिथे 'गिफ्ट' असेल, म्हणजे बापाने लेकाच्या नावावर केले, घरातलेच शेअर घरात. वॉरंट असतील, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क, तर आज 25 टक्के भरायचे, बाकीचे 18 महिन्यांत, तेही भाव चढला तर. नाहीतर 25 टक्क्यांवर पाणी सोडून मोकळे. आणि समजा बाजारातूनच घेतले, तर किती? ज्याच्याकडे 600 कोटींचे शेअर आहेत तो 12 लाखांचे घेतो. आपण दसऱ्याला एक ग्रॅमचं नाणं घेतो ना, तसं. पण तिमाहीत 10 लाखांच्या वर गेलं की जाहीर करावंच लागतं, त्यामुळे बातमी होते, ग्रुपवर टाळ्या पडतात आणि साहेबांचं काम स्वस्तात होतं! स्वतःच्या खिशातून, बाजारभावाने, भरघोस घेणारा वेगळा. त्याला सहा महिने ते विकता येत नाहीत, म्हणून त्याच्या खरेदीला वजन असतं. पण एवढा फरक करत कोण बसणार?

प्रमोटरने कर्जापोटी गहाण ठेवलेल्या शेअरचा रकाना अशुभ असतो, बघू नये.

सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी तर विसराच. प्रमोटरांचा हिस्सा 2001 मध्ये सुमारे 25 टक्के होता, 2008 पर्यंत 9 टक्क्यांच्या आत आला. दर तिमाहीला छापून येत होतं. त्यातूनही जे उरलं ते गहाण, आणि सावकारांनी ते विकायला काढलं. तरी 7 जानेवारी 2009 ला संस्थापक रामलिंग राजूंचं हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली देणारं पत्र आलं तेव्हा सगळे म्हणाले, "कुणाला काही कळलंच नाही!"

कळलं नाही कसं? वाचलं नाहीत! तिमाही संपल्यापासून निकालानंतर 48 तासांपर्यंत आतल्यांना खरेदी-विक्री बंद, नंतर केलेला व्यवहार चार-पाच दिवसांत साइटवर, हे सगळं सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कुणासाठी केलंय? भाजी घेताना चार वांगी दाबून बघता आणि दोन लाख टाकताना एक तक्ता उघडवत नाही? आणि त्या लग्नाची पत्रिका आली होती का तुम्हाला? नाही ना? मग कशाच्या जोरावर लोकांना 'भरून घ्या' सांगत होतात? वाचायचं नसेल तर एफडी करा, आणि ग्रुपवर पाणी कधी येणार तेवढंच टाका.