दोन शेपट्यांचा घोळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ओढ्यातल्या किड्यांची पिल्लं ओळखण्यावरच्या माझ्या लेखातल्या ‘दोन शेपट्या दिसल्या की स्टोनफ्लायचं पिल्लू’ या वाक्यावर तुम्ही बोट ठेवलंत, ते योग्यच. (स्टोनफ्लाय आणि मेफ्लाय हे दोन वेगळे कीटकगट; दोन्हींची पिल्लं पाण्यात वाढतात.) वाक्य चूक होतं, ते आता बदललं आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोतलं चपटं पिल्लू एपिओरसचं, म्हणजे मेफ्लायचं आहे आणि त्याला मुळातच दोन शेपट्या असतात. शिवाय इतर मेफ्लायची मधली शेपटी जाळीत तुटते ती वेगळीच. तेव्हा शेपट्या सगळ्यात शेवटी मोजायच्या.

पण ‘पोटावर कल्ले म्हणजे मेफ्लाय’ हा तुम्ही सुचवलेला नियमही पूर्ण टिकत नाही. उत्तर अमेरिकेतल्या टेरोनार्सिडी या स्टोनफ्लायच्या कुळातल्या पिल्लांना पोटाच्या पहिल्या दोन-तीन खंडांखालीही कल्ल्यांचे झुबके असतात. आपल्या सह्याद्रीत ही अडचण येत नाही. इथे वेगळीच अडचण येते: मेफ्लायचे कल्ले हाताळताना गळून पडतात आणि मग पोट स्टोनफ्लायसारखं कोरं दिसतं.

खात्रीची खूण म्हणजे नख्या. पांढऱ्या ट्रेमध्ये बोटभर पाणी घ्या, पिल्लू उताणं करा आणि दहापट भिंगातून पायाचं टोक बघा. दोन नख्या असतील तर स्टोनफ्लाय, एक असेल तर मेफ्लाय. पाणी हवंच, कारण पर्लिडी या स्टोनफ्लायच्या कुळाचे छातीच्या बाजूचे, पायांच्या मुळाशी असलेले फांदीदार कल्ले कोरड्यात अंगाला चिकटतात आणि दिसेनासे होतात. पाण्यात ते दोऱ्यांच्या झुपक्यासारखे फुलतात.

कुळासाठी खालचा ओठ पाहा. त्याच्या टोकाला चार लहान पाळ्या असतात. मधल्या दोन बाहेरच्यांपेक्षा खूपच आखूड असतील तर पर्लिडीसारखं शिकारी कूळ. चारही साधारण सारख्या असतील तर नेमोरिडीसारखं पालापाचोळा खाणारं.

तुमचा दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. डोक्यावरची नक्षी एवढी स्वच्छ दिसत असताना मी ‘निओपर्ला (पर्लिडी कुळातली एक प्रजाती, म्हणजे जीनस), जात अनिश्चित’ एवढ्यावरच का थांबतो, असं तुम्ही विचारता. एक तर नुकतीच कात टाकलेलं पिल्लू फिकट असतं, अल्कोहोलमध्ये रंग आणखी उतरतो. दुसरं आणि मोठं कारण असं की या प्रजातीतल्या जातींची वर्णनं प्रामुख्याने प्रौढ नरावर बेतलेली आहेत. प्रौढाच्या डोक्यावर मोठ्या डोळ्यांखेरीज दोनच बारीक साधे डोळे दिसले की निओपर्लाचा अंदाज बांधता येतो (पर्लिडीत बहुतेकांना तीन असतात). पुढची जात ठरते ती पोटात दुमडून असलेल्या लिंगनलिकेवरच्या काट्यांवरून.

ते काटे पाहायचे तर नराच्या पोटाचे शेवटचे तीन-चार खंड कापून दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात साध्या तापमानाला रात्रभर ठेवावे लागतात. घाई करून उकळलं की नलिकेचा पडदा लिबलिबीत होतो आणि ओढताना फाटतो. सकाळी पाण्यात धुऊन, बारीक चिमट्याने नलिका हलकेच बाहेर उलटवायची, मोजाची आतली बाजू बाहेर काढतो तशी. काट्यांचे पट्टे कुठे सुरू होतात, कुठे संपतात, टोकाला मोठे आहेत की बारीक, हे टिपायचं. तुकडा ग्लिसरीनच्या छोट्या नळीत घालून त्याच किड्याच्या बाटलीत ठेवायचा. वेगळा ठेवला की तो कोणाचा, हे नंतर कळत नाही.

पिल्लावरून जात सांगायचीच असेल तर पंखांच्या कळ्या काळ्या पडलेलं, म्हणजे प्रौढ व्हायला आलेलं पिल्लू ओढ्याच्याच थंड, हवा सोडलेल्या पाण्यात पाळा आणि वर चढायला एक खडबडीत दगड ठेवा. प्रौढ बाहेर आल्यावर पंख कडक व्हायला एक दिवस द्या, मगच ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये घाला. सोबत त्याची कातही त्याच बाटलीत हवी. नर निघाला तर जातीपर्यंत जाता येईल. मादी निघाली तर अंडी जपून ठेवा, अंड्याच्या कवचावरची नक्षीही जातीगणिक बदलते.