उतारा ओलांडू नये

गावाकडे तिठ्यावर लिंबू, कुंकू, भाताचा गोळा दिसला की आजी दंड धरून आम्हाला लांबून न्यायची. उतारा ओलांडायचा नसतो. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत २०१३ पासून सीसॅटचा, म्हणजे आकलन आणि कल तपासणारा पेपर आला, त्यातल्या उताऱ्यांशीही तुम्ही असंच वागा. वळसा घालून थेट ‘वरील उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना कोणती?’ इथे जाऊन उभे राहा. १२० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. एवढ्यात लेखकाला नेमकं काय म्हणायचंय याची चौकशी करत बसलात, तर शेजारच्या बाकावरचा तहसीलदार होईल.

समजा, उतारा ठिबक सिंचनावर आहे. पर्याय बघा. एक, ठिबकमुळे पाणी वाचते. दोन, सर्व शेतकऱ्यांनी फक्त ठिबकच वापरावे. तीन, अनुदान वेळेवर मिळत नाही. चार, पाण्याच्या शाश्वत वापरासाठी तंत्रज्ञान व धोरण यांचा समन्वय आवश्यक आहे.

पहिला उताऱ्यात जसाच्या तसा आहे, म्हणून तो गेला. त्याला ‘तपशील’ म्हणतात. दुसऱ्यात ‘सर्व’ही आहे आणि ‘फक्त’ही, तो हॉलतिकीट न बघताच बाहेर. तिसरा मोहात पाडेल. तुमच्या वडिलांच्या ड्रिपच्या नळ्या उंदरांनी कुरतडून संपवल्या, अनुदानाची फाईल अजून टेबलावरच आहे, हे तुम्हाला तोंडपाठ. पण स्वतःची माहिती चपलांबरोबर वर्गाबाहेर काढून यायची असते, हे क्लासवाल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. राहिला चौथा. ‘समन्वय’ दिसला की गोल काळा करा. ते वाक्य कुणाला दुखवत नाही, कुणाला काही सांगतही नाही. भावी अधिकाऱ्याला ते निवृत्तीच्या भाषणापर्यंत पुरतं.

सराव शाळेतच झालेला असतो म्हणा. ‘उताऱ्याला समर्पक शीर्षक द्या’ आलं की आम्ही मुंगी, धरण, सुतारपक्षी काहीही असो, ‘श्रमाचे महत्त्व’ ठोकून द्यायचो. एक गुण कुठे जात नसे.

मराठी वाक्य मराठीतून कळलं नाही तर घाबरू नका, शेजारच्या इंग्रजीत डोकवा. बऱ्याचदा ते तिकडूनच आलेलं असतं. आणि आता हा पेपर पात्रतेपुरताच आहे, २०० पैकी ६६ गुण झाले की भागलं. थोडक्यात, तीनातले दोन उतारे डोक्यावरून गेले तरी साहेब होता येतं.

एवढं करूनही पहिल्या उत्तरतालिकेत तुमचं उत्तर चुकीचं निघालं, तर हरकत नोंदवा. हरकतीला पुरावा लागतो आणि इथे पुरावा एकच, उतारा. तेव्हा त्या रात्री अभ्यासिकेत बसून तो पहिल्या ओळीपासून वाचून काढा. चांगला लिहिलेला असतो कधीकधी.