निपाणी कोल्हापूर मार्केटमध्ये येत नाही म्हणं!

हिंजवडीत सकाळी ट्रॅफिक जाम आहे म्हणं. बरं मग? मी निपाणीत कापडाच्या दुकानात बसलोय, रेडिओवर कोल्हापूरचं स्टेशन लागलंय, आणि त्यातली बाई मला पुण्याच्या कुठल्याशा उड्डाणपुलाची काळजी करायला लावतेय. याच स्टेशनवर आधी सकाळी एक पोरगा असायचा. कागलच्या नाक्यावर ट्रकांची रांग कुठवर गेलीय, कोगनोळी टोलला किती वेळ लागतोय, सगळं सांगायचा. तोंड वात्रट, पण माहिती पक्की. तो गेला. मालक कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होणार अशी कुजबुज सुरू झाली आणि व्यवहार व्हायच्या आधीच खर्चाला कात्री लागली. आता एका ठिकाणी बसून एकच कार्यक्रम करतात आणि सगळ्या महाराष्ट्राला तोच वाजवतात. सगळ्या महाराष्ट्राला! अहो, आम्ही महाराष्ट्रात नाही, कर्नाटकात आहोत. हा सीमाभाग महाराष्ट्राला मिळावा, याचाच तर दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलाय.

नुसता ऐकणारा असतो तर बटण फिरवून गप बसलो असतो. पण मी त्या स्टेशनला पैसे मोजतो, म्हणून डोकं जास्त फिरतंय. दसरा, दिवाळी आणि लग्नसराई, या तीन हंगामांत माझ्या दुकानाचे दहा सेकंदांचे स्पॉट लागायचे. कोल्हापूरहून त्यांचा माणूस गाडीवर यायचा, काउंटरवर बसून चहा घेत जाहिरात लिहायचा. शेवटची एक ओळ कानडीत असायची, कारण माझं निम्मं गिऱ्हाईक चिक्कोडी, सदलगा, संकेश्वर बाजूचं. कुणाचं काही बिघडलं नाही त्यानं. साडी घेताना कुणी भाषेवरून भांडत नाही, भांडतात ते भावावरून.

यंदा त्या माणसाचा फोन बंद. पुण्याहून कुणीतरी बोललं, ‘सर, आता क्लस्टर पॅकेज आहे.’ म्हणजे काय तर कोल्हापूर, सांगली, सोलापूर एकत्र घ्यायचं. सुटं कोल्हापूर मिळणार नाही. अरे, सोलापूरला कापड विकायला निपाणीवाल्यानं जायचं? गड्डा यात्रेत हातगाडी लावू का मी? म्हटलं, मला फक्त कोल्हापूर द्या, तेच इकडं ऐकू येतं. पलीकडं कीबोर्ड वाजला आणि साहेब म्हणाले, ‘सर, निपाणी कोल्हापूर मार्केटमध्ये येत नाही. सिस्टिममध्ये कर्नाटक दाखवतंय. तुम्ही हुबळीच्या टीमशी बोलून बघा.’

हुबळी! हुबळीचं एफएम इथं कुठं लागतं? ऐकायचं कोल्हापूरचं आणि जाहिरात द्यायची हुबळीला! सातबारा असो, दाखला असो, एसटी असो, हा टोलवाटोलवीचा खेळ आमच्या तीन पिढ्या बघतायत. आता रेडिओनंही तेच शिकून घेतलं.

आणि हे एका साहेबाच्या अडाणीपणाचं काम नाही, सगळी व्यवस्थाच तशी आहे. रेडिओ कोण किती ऐकतं हे मोजायला रॅम नावाची पद्धत होती, ती मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता एवढ्या चारच शहरांत चालली. सरकारी जाहिरातींचा दर २०२३ मध्ये वाढवला, दहा सेकंदांना मूळ ५२ रुपयांचे ७४ केले. तो दर कमीजास्त होतो शहराची लोकसंख्या आणि श्रोते बघून. शहर म्हणजे परवान्यात लिहिलेलं शहर. कोल्हापूरच्या स्टेशनला निपाणीचा श्रोता म्हणजे हद्दीबाहेर सांडलेला आवाज. फुकट आलेला, म्हणून बिनकिमतीचा.

विलीनीकरणाचा घोळही इथंच आहे. नियम सांगतो की एका शहरातल्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त वाहिन्या एका मालकाकडं नकोत आणि शहरात किमान तीन वेगळे मालक हवेत. वाचायला झकास. पण माझ्या दुकानात धड लागणारी खासगी स्टेशनं दोनच, एक कोल्हापूरचं आणि हवा चांगली असली तर एक सांगलीचं. उद्या दोन्हींचा मालक एक झाला तर कागद म्हणणार, दोन शहरं वेगळी, हरकत काय? तिकडं कोल्हापुरात स्पर्धा, सांगलीत स्पर्धा, आणि मधल्या आमच्या पट्ट्यात एकच दुकान. तो म्हणेल तो भाव. ही तक्रार ऐकायला ना मुंबईत कुणी बसलंय ना बंगळुरात. देशभरातल्या वाहिन्यांपैकी १५ टक्क्यांहून जास्त एकाकडं नकोत अशी आणखी एक मर्यादा होती, ती केंद्रानं २०२२ मध्ये काढूनच टाकली. आणि एकच कार्यक्रम आपल्या सगळ्या स्टेशनांवर वाजवायची मोकळीक तर २०११ च्या धोरणापासून आहे.

धंदा बसलाय हे मलाही कळतं, मीही दुकानदार आहे. रेडिओ सिटीची मालक कंपनी २०१९ मध्ये बिग एफएम १,०५० कोटींना घ्यायला निघाली होती, तो सौदा मोडला, आणि ते बिग एफएम शेवटी दिवाळखोरीच्या वाटेनं २०२४ मध्ये सफायर मीडियाकडं गेलं. पोरं मोबाइलवर गाणी ऐकतात. मान्य. पण मोबाइलवर जे मिळतं तेच रेडिओवर वाजवून गिऱ्हाईक परत येणार आहे का? रेडिओकडं एकच गोष्ट वेगळी होती, ती म्हणजे इथलं बोलणारा माणूस. तोच काढलात. दुकानातला जुना सेल्समन काढून त्याच्या जागी मुंबईचा पुतळा उभा केल्यासारखं झालं हे.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि रस्ता बंद पडला. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायच्या. पण वाहतूक, हवामान, वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती हे बातम्यांत धरत नाहीत, ते सांगायला पूर्ण मुभा आहे. म्हणजे कायदा आड येत नाही. आता पुढच्या पुरात पुण्यातल्या स्टुडिओतून कोण सांगणार, यमगर्णीला पाणी आलंय, निपाणीतच थांबा म्हणून? त्या बाईला यमगर्णी कुठाय हे ठाऊक तरी आहे का? ती त्या वेळी ‘रोमँटिक पाऊस स्पेशल’ लावणार.

‘मग आकाशवाणी ऐका की’ असं सांगणारे शहाणे भेटतात. ऐकतो की, सांगली आणि धारवाड दोन्ही ऐकत मोठे झालोय. पण तिकडं तरी काय वेगळं चाललंय? जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभागच बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरलं होतं. ओरड झाली म्हणून थांबलं. पुण्यासाठी ओरडायला माणसं आहेत. बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेचं वेणुध्वनी स्टेशन आहे, चांगलं आहे, पण ते कम्युनिटी रेडिओ, म्हणजे आसपासच्या टापूपुरतं छोटं स्टेशन, त्याच्याकडून निपाणीपर्यंत पोचायची अपेक्षाच चुकीची.

परवा पुन्हा पुण्याचा फोन. ‘सर, दिवाळीचं काय ठरलं? सोलापूरवर डिस्काउंट देतो.’ म्हटलं, तुमचं सोलापूर तुम्हालाच लखलाभ. आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याला भोंग्याचे पैसे ॲडव्हान्स देऊन झालेत. गुरुवारी निपाणीचा बाजार, मग बोरगाव, मग सदलगा. शेवटची ओळ कानडीतच ठेवलीय.