सा हलवायचा नाही!

ग्वाल्हेरात गिटार शिकायला बंदी नाही, पण ऐकणारे फार. इथल्या लष्कर भागातल्या मराठी घरांत एक तरी आत्या अशी सापडतेच, जिला स्वरलिपी चष्म्याशिवाय वाचता येते. ‘डी डोरियन वाजवतोय’ म्हणून तिला कौतुकाने सांगावं, तर ती मेथी निवडता निवडता म्हणते, “काफी आहे रे तो. ग आणि नी कोमल. धैवत जरा नीट लाव.” झालं! ज्या विषयावर गिटारवाले रात्र रात्र भांडतात, तो मेथीच्या अर्ध्या जुडीत निकालात. 1918 साली संगीतशास्त्रज्ञ पंडित भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली इथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं आणि तेव्हापासून दहा थाट (रागांचे सात सुरांचे साचे) या गावाच्या तोंडी आहेत. त्यामुळे ग्वाल्हेरच्या गिटारवाल्याला मोड, म्हणजे पाश्चात्यांचे थाट, फुकटात मिळतात. त्याचा छळ पुढे, ‘की’ म्हणजे गाण्याचा सा बदलताना सुरू होतो.

आधी मोड. शिकवायची प्रचलित तऱ्हा अशी: सात ग्रीक नावं, सात आकृत्या, प्रत्येक आकृतीत काळे-लाल ठिपके. सी मेजरचेच सूर (सी, डी, ई, एफ, जी, ए, बी) डीपासून डीपर्यंत वाजवा, तो डोरियन. ईपासून ईपर्यंत वाजवा, तो फ्रिजियन. विद्यार्थी इमानदारीने सगळ्या आकृत्या घोकतो आणि मग बिचारा विचारतो, “हे सगळं एकसारखंच का वाजतं?” वाजणारच. बोटं डीवर सुरू झाली म्हणून कान डीला सा मानत नाही. खोलीत ‘सा इथे आहे’ असं सांगणारं कोणी नसेल, तर कान सवयीने सी धरून बसतो. आकृतीत तंबोरा छापता येत नाही, ही त्या पुस्तकांची खरी अडचण.

म्हणून आकृत्या मिटवा आणि एकाच तारेवर या. गिटारची सहावी जाड तार आणि पहिली बारीक तार, दोन्ही ई. सहावी मोकळी तार हा आपला खर्जाचा सा. दुसरी मोकळी तार बी, म्हणजे नेमका पंचम. घरबसल्या तंबोरा झाला. अंगठ्याने सहावी, मधल्या बोटाने दुसरी छेडत राहायची आणि अनामिकेने पहिल्या तारेवर सूर काढायचे. नाद विरत आला की पुन्हा छेडायचं. विसरलात की सा निसटला.

आता पहिल्या तारेवर पडदे (फ्रेट) मोजा. 0, 2, 4, 6, 7, 9, 11, 12: हा कल्याण थाट, गिटारवाल्यांचा लिडियन. सहावा पडदा पाचवर आणा, मध्यम शुद्ध झाला: बिलावल, म्हणजे मेजर. अकरा सोडून दहा: निषाद कोमल, खमाज, त्यांचा मिक्सोलिडियन. चार सोडून तीन: गंधार कोमल, काफी, डोरियन. नऊ सोडून आठ: धैवत कोमल, आसावरी, एओलियन ऊर्फ नॅचरल मायनर. दोन सोडून एक: रिषभ कोमल, भैरवी, फ्रिजियन. दर वेळी एकच सूर एकच पडदा खाली. एका थाटावर निदान दहा मिनिटं थांबा. पाच पाच सेकंदांत पुढे पळालात तर कान मागचाच सूर धरून ठेवतो.

एकच पायरी उरली: सात सोडून सहा. इथे आत्या मेथी बाजूला ठेवते. “पंचमाला हात लावलास?” पहिल्या तारेवरचा सहावा पडदा आणि दुसरी मोकळी तार यांत सप्तकाला अर्धाच सूर कमी, त्यामुळे दोन्ही एकत्र वाजले की दातांत कळ येते. याचं नाव लोक्रियन. षड्ज आणि पंचम अचल, त्यामुळे भातखंड्यांच्या दहांत त्याला जागाच नाही. उलट भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी या चौघांना गिटारवाल्यांच्या सातांत जागा नाही. भैरव याच तारेवर 0, 1, 4, 5, 7, 8, 11, 12 असा वाजवून बघा. एकवरून थेट चारवर उडी. सी मेजरचे सूर कुठूनही सुरू करा, अशी तीन पडद्यांची उडी त्यांत मिळायची नाही. दोन्ही पक्षांत सामाईक ते सहाच.

पाच सुरांची गोष्ट तर याहून गमतीची. ज्या ए मायनर पेंटॅटॉनिकच्या चौकोनात पोरं पाचव्या पडद्यावर वर्षानुवर्षं ब्लूज घासतात, तो ए सा धरला तर सरळ धानी आहे. तेच सूर, पण सी सा: भूप. डी सा: मध्यमादि सारंगाचे सूर. ई सा: मालकंस. जी सा: दुर्गा. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात आणि ती भरताच्या नाट्यशास्त्रात आहे, तेव्हा ‘पाच पोझिशन्सचं रहस्य’ पैसे देऊन विकत घेण्याआधी आत्याला विचारावं. ती फक्त चहा मागेल.

गिटारवर मोड बिघडतो तो बहुधा कॉर्डमुळे, म्हणजे एकदम छेडलेल्या सुरांच्या जुडीमुळे. काफीचा रंग हवा तर डी मायनर आणि जी मेजर हे दोनच कॉर्ड आलटून पालटून पुरतात. जीमधला बी हा डीचा शुद्ध धैवत, तोच काफीला आसावरीपासून वेगळा ठेवतो. खमाजाला जी आणि एफ. भैरवीला ई मायनर आणि एफ. एवढ्यावर हात आवरला पाहिजे. मध्येच कोणी जी सेव्हन वाजवून सीवर उतरला की संपलं. जी सेव्हनमध्ये बी आणि एफ एकत्र असतात. बीला वर सीकडे जायचं असतं, एफला खाली ईकडे, आणि दोघे मिळून कानाला ओढत सीच्या घरी नेतात. मग पुढे तुम्ही कितीही डी वाजवा, तो रिषभच. माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्याच्या हातून मोडांच्या तासापुरता सी कॉर्ड काढून घ्यावा.

आता गंधाराचं दुखणं. मघाच्याच बैठकीत सहाव्या तारेवर चौथ्या पडद्याच्या किंचित मागे, खुंट्यांच्या बाजूला, बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि छेडा. जो बारीक सूर निघेल तो खर्जातला स्वयंभू गंधार, तंबोऱ्यात ऐकू येतो तोच. आता पहिल्या तारेवर चौथा पडदा दाबून गिटारचा गंधार वाजवा. दोन्ही एकत्र ठेवले की सेकंदाला साधारण तीन हेलकावे ऐकू येतात, कारण एक 412 हर्ट्झचा, दुसरा 415 हर्ट्झचा. गिटारचा गंधार जवळजवळ 14 सेंट (अर्ध्या सुराचे सेंट शंभर) चढा आहे. पंचमात हा फरक जेमतेम 2 सेंट, म्हणून तो खपून जातो. गंधार खपत नाही. आत्या त्याला ‘हार्मोनियमचा गंधार’ म्हणते आणि ही स्तुती नसते. बरं, तार ओढून सूर चढवता येतो, उतरवता येत नाही. खुंटीने पहिली तार जरा उतरवली तर गंधार जागेवर येतो आणि त्या तारेवरचा सा खाली जातो.

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे ठोकलेले. पण हे कंजूषपणापायी केलेलं नाही. सतारीचे पडदे हलतात, कारण तिचा सा हलत नाही. गिटारचा सा कुठेही जाऊ शकावा म्हणून सप्तकाचे बारा सारखे भाग करून पडदे कायमचे ठोकून टाकले. गंधार गहाण ठेवून की बदलण्याची सोय विकत घेतली, असा तो सौदा. आणि ग्वाल्हेरच्या गिटारवाल्याची गोची ही, की गहाणवटीचे हप्ते तो रोज भरतो आणि सोय मात्र वापरायला गेला की घरातून आरडाओरडा.

की बदलायची सर्वांत सोपी वाट सीवरून जीवर. फक्त एक सूर बदलतो, एफचा एफ शार्प, म्हणजे अर्धा सूर चढा एफ, होतो. सी, ई मायनर, जी आणि ए मायनर हे चार कॉर्ड दोन्ही घरांचे. त्यांतला ए मायनर दाराशी धरायचा: सीच्या घरात तो सहावा, जीच्या घरात दुसरा. मग डी सेव्हन, मग जी. सी, ए मायनर, डी सेव्हन, जी; चार मात्रांचा एकेक ठोका. कागदावर की बदलली. आत्याला विचारा. “बिहाग का? दोन मध्यम लागले.”

तिचं चुकत नाही. शेजारच्या खोलीत तिचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा सी धरून चालू असतो, आणि सी सा असताना एफ शार्प म्हणजे तीव्र मध्यम. जीमध्ये मुक्काम ठोकून शुद्ध मध्यम सोडूनच दिला, तर जी मेजरचे सात सूर तिला कल्याण थाट वाटतात. उलट दिशेने एफला जा, बी फ्लॅट आला: “खमाज.” बी फ्लॅटला जा: “काफी.” ई फ्लॅट: “आसावरी.” ए फ्लॅट: “भैरवी.” पुस्तकातलं ते पाचवांचं वर्तुळ, ज्याला इथले लोक षड्ज-पंचम भाव म्हणतील, तंबोरा चालू ठेवून फिरा, मघाशी एका तारेवर उतरलो होतो तेच थाट त्याच क्रमाने हजेरी लावतात. डी फ्लॅटला लोक्रियन येतो आणि आत्याही. म्हणजे तंबोरा चालू असेपर्यंत की बदलतच नाही, फक्त थाट बदलतो.

दुसऱ्या बाजूला मात्र एवढी उधारी नाही. जीच्या पुढचं घर डी. त्यात एफबरोबर सीसुद्धा शार्प होतो. सी म्हणजे सा! तीव्र सा नावाचा प्रकार या गावात कोणी ऐकलेला नाही. हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेची पानं चघळली की गळा सुधारतो म्हणतात, पण तीव्र सा लावणाऱ्यासाठी कुठलंही झाड नाही.

तेव्हा की बदलायला शिकण्याची पहिली पायरी: तंबोरा बंद करणे. आत्या देवळात गेली असताना. दुसरी पायरी, नव्या सावर मुक्काम. डी सेव्हन एकदा लागला आणि लगेच सीवर परत आलात तर ती नुसती पाहुणचाराची फेरी. निदान आठ ठोके जी, सी, डी, जी असं फिरल्याशिवाय कान बिऱ्हाड हलवत नाही. आणि या आठ ठोक्यांत एफ चुकूनही नको. नवशिक्याचा हात सवयीने तिथेच जातो. परत यायचं तर जीलाच सेव्हन करायचा, म्हणजे त्यात एफ मिसळायचा; तो मघाचा एफ-बीचा ओढा आपोआप सीला नेऊन सोडतो. जाण्यापेक्षा येणं सोपं, हा प्रकार संगीतात क्वचितच सापडतो.

वाटेबिटेची भानगड न ठेवता शेवटच्या अंतऱ्याला सगळं गाणं अर्धा सूर वर उचलायचं, ही तिसरी आणि सर्वांत लोकप्रिय पद्धत. भजनी मंडळातही आता कोणाला तरी ही हौस येते. समजा, गाणं काळी चारमध्ये आहे. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्या पडद्यावर, हात जीच्या आकारात. वर न्यायचं पांढरी सहाला, म्हणजे कॅपो दुसऱ्या पडद्यावर, आकार तेच. गाणं चालू असताना स्प्रिंगचा कॅपो सरकवायला दोनेक सेकंद लागतात आणि नेमकी तेवढीच पोकळी ऐकू येते. शिवाय कॅपो पडद्याला अगदी चिकटून, सरळ बसला नाही तर तारा चढतात, जाड तारा जास्त. म्हणून तबलजीला आधी सांगून तिहाई घ्यायला लावावी. त्या वेळात सगळे त्याच्याकडे बघत असतात. तो आनंदाने तिहाई घेतो. पुढे काय होणार हे मात्र त्याला आधी सांगू नये, कारण त्याचा तबला काळी चारला लावलेला असतो आणि हातोडी त्याच्या मांडीजवळच असते.