वज्रेश्वरीचं कुंड आणि मॅमथचे झरे

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. कॅलिफोर्नियातल्या मॅमथ लेक्स गावाजवळच्या गरम झऱ्यांवरचा, तिथले धोके सांगणारा माझा लेख वाचून माणूस घरीच बसेल, असं तुम्ही लिहिलंत. लहानपणापासून आपण वज्रेश्वरीच्या कुंडात उतरत आलो, कुणाला काही झालं नाही, असं तुमचं म्हणणं. कुणी जाऊ नये असं मला मुळीच वाटत नाही. पण वज्रेश्वरीचा दाखला इथे लागू पडत नाही.

वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हेरे इथलं पाणी खोल मुरून, तिथल्या उष्णतेनं तापून भेगांतून वर येतं. खाली जिवंत ज्वालामुखी नाही. मॅमथचे झरे ज्या ज्वालामुखी भागात आहेत, त्या लाँग व्हॅलीखाली मात्र खोलवर अंशतः वितळलेला खडक आहे, आणि तिथलं पाणी कधी कसं वागेल याचा नेम नाही. तिथल्या हॉट क्रीक या गरम ओढ्यात लोक वर्षानुवर्षं डुंबत. २००६मध्ये उकळतं पाणी मधूनच उसळायला लागलं आणि पोहण्यावर बंदी आली. ‘मागच्या वेळी आम्ही उतरलो होतो’ हे म्हणूनच मला पुरेसं वाटत नाही.

पाण्याहून जास्त धास्ती मला वायूची वाटते. तिथल्याच हॉर्सशू लेक या तळ्याच्या काठी वाळून पांढरीफटक पडलेली झाडं अजून दिसतात. जमिनीतून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडनं त्यांची मुळं गुदमरली. हा वायू हवेपेक्षा जड, खळग्यात साचतो, आणि त्याला वासही नाही. एप्रिल २००६मध्ये मॅमथ माउंटनवर वाफेच्या विवराभोवतीचं, बर्फात बुडालेलं कुंपण वर घेताना स्की पेट्रोलचे, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी असलेल्या पथकातले, दोघे आत कोसळले. त्यांना काढायला उतरलेला तिसराही दगावला. ही प्रशिक्षित, रोज त्याच डोंगरावर वावरणारी माणसं होती. ‘कुणी आत पडलं तर मागोमाग उतरू नका’ हे माझ्या लेखातलं वाक्य तुम्हाला निष्ठुर वाटलं. मी ते काढणार नाही.

सडक्या अंड्यांचा वास येत नसेल तर काळजी नको, असंही तुम्ही लिहिलंय. तसं नाही. हा वास ज्याचा, तो हायड्रोजन सल्फाइड वायू फार वाढला की नाकच बधिर होतं. येत असलेला वास एकाएकी थांबला, तर वारा येतो त्या बाजूला, चढावर निघायचं.

वाइल्ड विलीज या तिथल्या गरम कुंडावर मुलांना खुशाल न्या. पाणी आत येतं तिथे आधी पाण्याच्या वर हात धरून धग बघा. बुडी मात्र मारू देऊ नका. गरम पाण्यातला अमीबा नाकातून मेंदूत जातो. असं क्वचितच होतं, पण झालं तर माणूस वाचणं कठीण. काठच्या पांढऱ्या, गवत नसलेल्या जमिनीवर पाऊल नको. सासूबाई सोबत आहेत म्हणालात, तर त्या भागाची उंची सुमारे २,१०० मीटर आहे. रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि पहिल्या दिवशी त्यांना नुसते पाय बुडवून बसू द्या.